भिशीचे साठ हजार आणि शनीची कडी

पत्र : मी सांगलीचा, वय ४७. शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करून देण्याचे माझे दुकान आहे आणि ते बरे चालते. बाजारात एखादे नवे उपकरण आले किंवा अवकाशातली काही बातमी आली की मला राहवत नाही. रात्री जागून मी त्याविषयी वाचतो, व्हिडिओ पाहतो. गेल्या सहा वर्षांत ड्रोन, व्हीआर हेडसेट, दोन स्मार्टवॉच आणि थ्री-डी प्रिंटर घेतला. प्रिंटर सोडला तर बाकी सारे कपाटात पडून आहे. आता दिवाळीच्या आधी भिशीचा माझा नंबर लागणार असून साठ हजार रुपये हाती येतील. त्यातून मोबाइलवर चालणारी स्मार्ट दुर्बीण घ्यावी असे मनात आहे. नववीतल्या मुलीला शनीची कडी तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी दाखवावी, ही फार दिवसांची इच्छा आहे. पत्नी म्हणते, घरात आणखी एक खोका येणार. दिवाळीत आम्ही जत तालुक्यात तिच्या माहेरी जातो, तेथे तरी हे सारे नको, असे तिने आधीच बजावले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी सापडल्याची बातमी वाचून मी दुकानात पेढे वाटले होते. पुढे ती बातमी कच्ची निघाली आणि गिऱ्हाइके अजून मला ‘परग्रहाचे पेढे पुन्हा कधी?’ म्हणून चिडवतात. या वयात हा पोरकटपणा आहे का? दुर्बीण घेऊ की नको?

उत्तर :

आपले पत्र वाचताना एका वाक्यापाशी मी थांबलो आणि माझे उत्तर तेथेच ठरले. मुलीला शनीची कडी ‘तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी’ दाखवायची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही जी दुर्बीण घ्यायला निघाला आहात तिला डोळा लावायची जागाच नसते. म्हणून या दिवाळीत ती घेऊ नका. तुमचे वय किंवा वहिनींचा राग ही त्याची कारणे नाहीत. जे हवे आहे ते या उपकरणातून मिळणार नाही, एवढे एकच कारण आहे आणि ते मला पुरेसे वाटते.

मात्र या यंत्राविषयी कोणाचा गैरसमज होऊ नये, कारण माझ्या मते अलीकडच्या काळात हौशी निरीक्षकांच्या हाती आलेल्या उपकरणांत हे फार कल्पक उपकरण आहे. त्यात नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी कॅमेऱ्याचा सेन्सर बसवलेला असतो. यंत्र सुरू झाले की ते आकाशाचा एक फोटो घेते, त्यातील ताऱ्यांची मांडणी आपल्या साठ्यातील नकाशाशी ताडून पाहते आणि आपण आकाशाच्या कोणत्या भागाकडे पाहत आहोत हे स्वतःच ओळखते. त्यानंतर ते तुम्ही सांगितलेल्या तेजोमेघाकडे, म्हणजे अवकाशातील वायू-धुळीच्या ढगाकडे, वळते, दहा-दहा सेकंदांचे फोटो घेत राहते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे होणारी सरक दुरुस्त करून ते एकमेकांवर रचत जाते. एका फोटोत जो कणीदारपणा, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांचा गोंधळ दिसतो, तो प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो. तारा मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी असतो. शंभर फोटो रचले की ताऱ्याच्या तुलनेत हा गोंधळ दहापटींनी कमी होतो. विश्रामबागेच्या गच्चीवर, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, माझ्यासारख्या जुन्या माणसाला डोळ्यांनी जे कधीही दिसणार नाही, ते हे पन्नास मिलिमीटरचे चिमुकले भिंग अर्ध्या तासात मोबाइलच्या पडद्यावर रंगांसह आणून ठेवते. शहरात राहून ज्याला तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचे, फोटो काढायचे आहेत, त्याला मी हे यंत्र आनंदाने सुचवीन.

परंतु शनी आणि गुरू हे त्याचे काम नव्हे. या जातीच्या लोकप्रिय यंत्रांचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून त्याची प्रतिमा जेथे रेखीव पडते तेथपर्यंतचे अंतर, अडीचशे मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या अंतरावर गुरूचे बिंब सेन्सरवर जेमतेम वीस ठिपक्यांच्या (पिक्सेलांच्या) रुंदीचे पडते आणि शनी त्याच्या कड्यांसह त्याहूनही थोडा कमी भरतो. हे गणित कागद-पेन्सिलीने करता येते आणि तुमच्यासारख्या मोजमापाच्या माणसाने ते एकदा करून पाहावे. वीस ठिपक्यांत कडी दिसत नाहीत, दोन कान असलेला एक गोळा दिसतो. १६१० मध्ये गॅलिलिओला त्याच्या दुर्बिणीतून शनी असाच दिसला होता आणि हा एक ग्रह नसून तीन गोल शेजारी शेजारी आहेत, असे त्याने मानले होते. दोन वर्षांनी त्याने पुन्हा पाहिले, तेव्हा ते कान नाहीसे झालेले पाहून तो चक्रावून गेला. शनीभोवती सपाट कडे आहे आणि ते कधी कधी काठावरून दिसते, हा उलगडा १६५० च्या दशकात क्रिस्तियान हायगेन्सने केला. साठ हजार रुपये खर्चून मुलीला गॅलिलिओचा शनी दाखवणे ही ऐतिहासिक गंमत म्हणून ठीक आहे, पण तुमच्या मनात ते नसावे.

आता घाईविषयी. तुम्हाला ही खरेदी याच दिवाळीत करावीशी वाटते, कारण भिशीचा नंबर आता लागतो आहे. शनीला मात्र भिशीचे वेळापत्रक ठाऊक नाही. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी पृथ्वीवरून अगदी काठावर आली होती, म्हणजे गॅलिलिओच्या त्या १६१२ सालासारखीच स्थिती होती. तेव्हापासून ती उघडू लागली आहेत आणि २०३२ च्या सुमारास ती सर्वांत जास्त उघडलेली दिसतील. तुम्ही एक वर्ष थांबलात तर काही गमावणार नाही. उलट दरवर्षी दृश्य आधीच्या वर्षापेक्षा देखणे होत जाणार आहे. बाजारात मात्र ‘आत्ताच घ्या’ असे सांगणारी प्रत्येक वस्तू पुढच्या वर्षी स्वस्त आणि जुनी झालेली असते.

हे मी अनुभवाने सांगतो. १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूसाठी मी टपालाने एक दुर्बीण मागवली होती. खोक्यावर ‘५२५ पट मोठे दाखवते’ असे ठळक अक्षरांत छापले होते. साठ मिलिमीटरच्या भिंगाला साधारण एकशेवीस पटींच्या वर काही अर्थ उरत नाही, त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिचे पत्र्याचे तिपाई इतके डगमगत असे की श्वास सोडला तरी चंद्र दृष्टिक्षेत्राबाहेर जाई. शेवटी तो धूमकेतू मी पाहिला तो साताऱ्यातील आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांच्या फौजी बायनॉक्युलरमधून, पहाटे, यवतेश्वरच्या चढावर, दक्षिणेकडे तोंड करून. आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी असल्यामुळे एवढी सोय होती. त्या वेळचे हॅलेचे दर्शन गेल्या दोन हजार वर्षांतले सर्वांत फिके होते, असे मी पुढे वाचले. तरीही ती पहाट मला आठवते आणि टपालाने आलेली दुर्बीण कोणाला दिली हे आठवत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न पोरकटपणाचा आहे. तुमच्या पत्रात दोन निरनिराळे उत्साह एकाच दावणीला बांधलेले मला दिसतात. उपकरणाचा उत्साह त्याच्या तारखेसह आणि किमतीसह येतो, खोका उघडताना शिगेला पोहोचतो आणि पुढच्या मॉडेलची बातमी आली की ओसरतो. शोधाचा उत्साह याच्या उलट चालतो : बातमी वाचताना तो थोडासा असतो आणि जसजसे समजत जाते तसतसा वाढतो. तुम्ही दोन्हींवर सारखेच जागता, म्हणून दोन्ही एकच वाटतात. परंतु तुमच्या कपाटात जे पडून आहे ते सगळे पहिल्या प्रकारचे आहे, आणि ज्यावर तुम्ही पेढे वाटले ते दुसऱ्या प्रकारचे होते.

अर्थात ही दोन्ही घराणी एकमेकांची सोयरी आहेत, हेही मान्य केले पाहिजे. तुमच्या मोबाइलमधील कॅमेऱ्यात जो सीमॉस सेन्सर आहे, त्याचे आजचे रूप १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. अंतराळयानांवरचे कॅमेरे लहान आणि कमी वीज खाणारे व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. तेथून निघालेली ती वस्तू आज सांगलीतल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी पहिले उड्डाण करणाऱ्या इंजेन्युइटी या चिमुकल्या हेलिकॉप्टरचा मेंदू म्हणजे स्नॅपड्रॅगन ८०१ हा मोबाइलचा प्रोसेसर होता, जो २०१४ च्या सुमाराच्या फोनांत असे. पाच उड्डाणांसाठी पाठवलेले ते यंत्र २०२४ च्या जानेवारीपर्यंत बहात्तर वेळा उडाले. तुमच्या दुकानातल्या खणात त्या काळातला एखादा बंद पडलेला फोन असेल, तर त्याचा मेंदू मंगळावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या मेंदूचा सख्खा भाऊ असू शकतो. आणि अवकाशात असलेल्या ज्या जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांसाठी तुम्ही जागता, तिच्यावरील साठवणुकीची क्षमता सुमारे ६८ जीबी आहे. आज त्याहून कमी जागेचा फोन तुमचे गिऱ्हाईक घेणार नाही. अवकाशात जे जाते ते नवे नसते, ते पारखलेले असते. तुमच्या धंद्यात तुम्ही हेच करता : जुन्या मोटारीचा गाभा चांगला असेल तर तांब्याची तार बदलून ती पुन्हा पाण्यावर लावता.

पेढ्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तेथे तुम्ही उगाच शरमिंदे झाला आहात. ती बातमी के२-१८बी या ग्रहाची होती. हा ग्रह सिंह राशीच्या दिशेला, सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे आणि स्वतःच्या ताऱ्यासमोरून तो ठरावीक काळाने सरकतो. त्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्याकडे येतो आणि वातावरणातील प्रत्येक वायू त्या प्रकाशातील आपापल्या तरंगलांब्या शोषून घेतो. केंब्रिजच्या चमूला वेब दुर्बिणीच्या नोंदींत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या दुसऱ्या एका संयुगाची चाहूल लागली. पृथ्वीवर हे वायू प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्म जीवांकडून तयार होतात, म्हणून वृत्तपत्रांनी थेट जीवसृष्टीचा मथळा दिला. चमूचा स्वतःचा दावा त्याहून सावध होता : त्यांच्या संकेताची खात्री तीन सिग्माची होती, म्हणजे असा संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के उरत होती, तर शोध म्हणून मान्यता मिळण्यासाठी पाच सिग्माची खात्री मागितली जाते. त्यानंतर इतर चमूंनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतींनी तपासली आणि त्यांना त्या वायूचा भक्कम पुरावा आढळला नाही. शिवाय हाच वायू जीव नसलेल्या ६७पी या धूमकेतूवरही असल्याचे दिसले आहे, त्यामुळे तो जीवाची खूण मानावा की नाही, हाच मुळात वाद आहे.

आता यात लाज वाटण्यासारखे काय घडले? पंधरा लाख किलोमीटर दूर ठेवलेल्या साडेसहा मीटरच्या आरशाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाची हवा चाखून पाहिली आणि तिच्या चवीवरून जगभरचे जाणकार भांडले. पेढे वाटण्याजोगी गोष्ट हीच होती. तुम्ही पेढे खऱ्या आनंदाचे वाटले, फक्त त्यांच्यावर चिठ्ठी चुकीची लावली. पुढच्या वेळी बातमीत तीन गोष्टी शोधा : खात्री किती सिग्माची आहे, दुसऱ्या एखाद्या चमूने ती तपासली आहे का, आणि मथळ्यातले ‘सापडले’ हे क्रियापद मूळ चमूच्या तोंडी आहे की फक्त वार्ताहराच्या. चिडवणाऱ्या गिऱ्हाइकांना सिग्मा समजावून सांगा. मोटारीचे वाइंडिंग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने, तपासताना एकाच वाचनावर तुम्ही विसंबत नाही, हे उदाहरण त्यांना चटकन कळेल.

वहिनींचे म्हणणे तुम्ही ‘आणखी एक खोका’ एवढ्यावर उरकले आहे, पण मला त्यात हिशेब दिसतो. त्या तुमच्या आकाशाच्या आवडीविरुद्ध एक शब्दही बोललेल्या नाहीत. त्यांची हरकत खोक्यांना आहे आणि ती रास्त आहे. ड्रोन, हेडसेट आणि किमान एक घड्याळ दिवाळीच्या साफसफाईत विकून टाका आणि येईल ती रक्कम त्यांच्या हातात द्या. हे मी त्यांना खूश करण्यासाठी सांगत नाही. न वापरलेले उपकरण कपाटात असताना दुसरे घेतले की माणूस स्वतःलाच त्याचे कारण पटवून देत बसतो आणि नव्या वस्तूवर आधीच रुसतो. थ्री-डी प्रिंटर ठेवा, त्याचे काम पुढे येणार आहे.

मग दिवाळीत काय करावे? भिशीच्या रकमेतून दहा गुणिले पन्नास अशी खूण असलेला एक चांगला बायनॉक्युलर घ्या. त्यातला पहिला आकडा किती पट मोठे दिसते हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. तो भिशीच्या रकमेच्या लहानशा भागात येतो. आणि तो घेऊन जतला जा. वहिनींनी ‘तेथे तरी हे नको’ असे म्हटले आहे हे मी वाचले आहे, तरीही सांगतो, कारण त्यांचे माहेर ही तुमच्या घरची सर्वांत मौल्यवान वेधशाळा आहे आणि ती तुम्हाला लग्नात मिळाली आहे. कृष्णाकाठच्या सांगलीत हिवाळ्यात पहाटे धुके असते आणि रात्रभर शहराचा उजेड असतो. पूर्वेकडे कवठेमहांकाळ ओलांडून जतकडे गेले की हवा कोरडी होते, दिवे विरळ होतात आणि अवर्षणाने ज्या भागाला इतके छळले, त्याच भागाला आकाश मात्र उघडे मिळते. शिवाय भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया : अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असते आणि चंद्राची बारीक कोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. आपल्या पूर्वजांनी दिवाळी अंधाऱ्या रात्री ठेवली, त्याचा हा एक फायदा.

त्या रात्री जेवणे झाल्यावर अंगणातले दिवे घालवून सतरंजी टाका आणि पंचवीस-तीस मिनिटे कोणीही मोबाइल उघडणार नाही असे ठरवा. अंधाराला डोळे सरावायला एवढा वेळ लागतो आणि पडद्याचा एक झोत ती सारी कमाई क्षणात घालवतो. दिवा लागलाच तर बॅटरीवर लाल कागद गुंडाळा. नऊच्या सुमारास उत्तरेकडे बरेच वर शर्मिष्ठेचा वाकडा ‘एम’ दिसेल. तिच्या शेजारी देवयानी तारकासमूहात बायनॉक्युलर फिरवला की एक लांबट, फिकट धुराचा पुंजका सापडेल. ती देवयानी दीर्घिका आहे आणि तिचा जो प्रकाश तुमच्या मुलीच्या डोळ्यांत शिरेल तो सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला असेल. थेट पाहण्यापेक्षा किंचित बाजूला पाहिले तर पुंजका अधिक ठळक होतो, कारण अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसून कडेला अधिक असतात. पूर्वेकडे कृत्तिका वर आलेल्या असतील. साध्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, बायनॉक्युलरमध्ये कित्येक डझन. शनीही या वर्षांत दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळच्या आकाशात असतो, आणि भिंतीला कोपर टेकवून स्थिर धरले तर तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार न दिसता किंचित लांबट दिसतो. कडी दिसणार नाहीत, हे मुलीला आधीच सांगा. मुक्काम वाढला तर उत्तररात्री दक्षिणेकडे क्षितिजापासून वीसेक अंशांवर अगस्त्य पाहा. लंडनच्या माणसाला तो आपल्या गावातून कधीच दिसत नाही.

तुमच्या मोबाइललाही त्या रात्री काम द्या, मात्र सर्वांचे पाहून झाल्यावर. तो तिपाईवर किंवा दोन विटांच्या बेचक्यात आकाशाकडे तोंड करून ठेवा आणि रात्रीच्या मोडमध्ये जास्तीत जास्त वेळाचा फोटो घ्या. फोन तेव्हा जे करतो ते म्हणजे अनेक फोटो घेऊन एकमेकांवर रचणे, म्हणजे तुमच्या साठ हजारांच्या यंत्राचीच युक्ती. ती युक्ती तुमच्या खिशात आधीपासून आहे. जतच्या आकाशात तिने आकाशगंगेचा पट्टा पकडला तर स्मार्ट दुर्बिणीचे पुढे तुम्ही काय कराल, याचा अंदाज तुम्हालाच येईल.

दिवाळी ते होळी या काळात निरीक्षणाच्या वीस रात्री भरा, सांगलीच्या गच्चीवरच्याही चालतील. प्रत्येक रात्रीची एका वहीत नोंद ठेवा : तारीख, वेळ, ठिकाण, काय पाहिले. मृगातल्या काक्षी ताऱ्याची तेजस्विता रोहिणीशी ताडून दर आठवड्याला लिहा, कारण २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला हाच तारा नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावला होता आणि ज्यांच्या वह्यांत आधीच्या नोंदी होत्या त्यांनाच तो किती मंदावला हे सांगता आले. वीस रात्री भरल्या तर उरलेल्या रकमेचे काय करायचे हे मला विचारावे लागणार नाही. नाहीच भरल्या, तर पैसे शाबूत आहेत आणि वहिनींचे म्हणणे खरे होते, एवढे कबूल करा.

त्या वीस रात्रींनंतरही शनीची ओढ राहिली, तर सहा इंची आरशाची परावर्तक दुर्बीण पाहा, जिला डॉब्सोनियन म्हणतात. साधारण सव्वा मीटरची नळी, तळाशी आरसा, आणि ती फिरवायला प्लायवूडची एक पेटी. मोटार नाही, वीज नाही, अ‍ॅप नाही. ज्या जॉन डॉब्सन यांच्यावरून हे नाव पडले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातले रामकृष्ण परंपरेचे साधू होते. जहाजाच्या खिडकीची टाकाऊ काच घासून त्यांनी लपूनछपून आरसे बनवले आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवण्याच्या या नादापायी अखेर १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या अशा दुर्बिणीला दहा मिलिमीटरची नेत्रिका लावली की शनी एकशेवीस पट मोठा होतो आणि कडी ग्रहापासून सुटी, मध्ये काळी फट ठेवून दिसतात. ज्या माणसाचे हात मोटारीच्या स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत केसासारखी तार मोजून भरतात, त्याने ही पेटी विकत घेऊ नये, स्वतः करावी. आरसा विकत घ्या, बाकी सारे तुमच्या दुकानात आहे, आणि नेत्रिकेवर मोबाइल बसवायचा खोबणीदार तुकडा तुमच्या त्या एकमेव वापरातल्या प्रिंटरवर छापा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा अनेक वर्षे घेतल्या आहेत आणि १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी निरीक्षकांची संस्थाही तेथेच आहे. आरसा घेण्यापूर्वी एकदा तेथील जाणकारांशी बोला. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी आयुका आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहता येते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी जवळून पाहण्यासाठी तुम्ही एक दिवस दुकान बंद ठेवाल, याविषयी मला शंका नाही.

राहिला तुमच्या रात्री जागण्याचा प्रश्न. व्हिडिओ पाहण्याऐवजी त्या वेळात प्रत्यक्ष काम करता येते. गॅलक्सी झू या २००७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात सामान्य लोक घरबसल्या दीर्घिकांची छायाचित्रे पाहून त्यांचे प्रकार ठरवतात. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या नेदरलँड्समधील शाळेतल्या शिक्षिकेला एका छायाचित्रात एक चमत्कारिक डाग दिसला, तिने त्याविषयी विचारले, आणि तो तोवर कोणी न ओळखलेल्या जातीचा एक विशाल तेजोमेघ निघाला. त्यासाठी तिला स्वतःची दुर्बीण लागली नाही. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर २०२५ चे आहे : पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेब दुर्बिणीच्या नोंदींत एक रेखीव सर्पिल दीर्घिका सापडली, जिचा प्रकाश विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना निघाला होता. एवढ्या लवकर इतकी घडीव दीर्घिका असू नये, अशी समजूत होती. त्यांनी तिला अलकनंदा हे नाव दिले. मुलीला इंग्रजी तुमच्यापेक्षा बरे येत असेल, तर गॅलक्सी झूचे काम तिच्याबरोबर बसून करा. मात्र दहावीच्या वर्षात रात्री दहानंतर नको, ही अट वहिनींच्या वतीने मीच घालून ठेवतो.

जतला जाताना भडंगाचा एक डबा बरोबर घ्या, सतरंजीवर बसून पाहणाऱ्यांना रात्री भूक लागते. बायनॉक्युलर पहिल्यांदा वहिनींच्या हातात द्या आणि त्या तो खाली ठेवीपर्यंत काही समजावून सांगू नका. दिवाळीत परतीचा पाऊस रेंगाळला आणि आभाळ भरून आले, तर वहीत त्या रात्रीपुढे ‘ढग’ असे लिहा आणि वेळही लिहा.